‘जितका बोलका, तितका चांगला’ म्हणे!

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसासाठी सोबती रोबो कसा निवडायचा, याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सार असं: रोबो जितका हुशार आणि बोलका तितका चांगला, त्याचा गुण विज्ञानाने सिद्ध झालाय, कुठल्याही टप्प्यावर चालतो, घरच्यांना उसंत मिळते, आणि ‘हा खरा प्राणी आहे असंच पेशंटला सांगा.’ आईच्या आजारात मी सहा वर्षं काढली आहेत. एकेक मुद्दा घेते.

‘जितका बोलका तितका चांगला.’ सगळ्यात मोठी गफलत हीच. या आजारात शब्द हाताशी येईनासे होतात. “ते… ते पांढरं…” इथपर्यंत यायलाच आईला वेळ लागायचा. बोलणारं यंत्र जरा शांतता झाली की वाक्य संपलं असं धरतं आणि पुढचा प्रश्न टाकतं. आमच्याकडच्या यंत्राने असं दोन-तीनदा केलं, तेव्हा आई माझ्याकडे वर्गात उत्तर न आलेल्या मुलीसारखी बघायला लागली. त्याहून वाईट म्हणजे “माझी आई कुठंय?” हा प्रश्न. हुशार यंत्राने खरं उत्तर दिलं, तर ती आपल्या आईच्या मृत्यूची बातमी दर वेळी नव्याने ऐकणार. खोटं दिलं, तर दाराशी वाट बघत बसणार. जवळचं माणूस तिसरंच काहीतरी करतं. “आठवण येतेय का गं?” म्हणतं आणि हात धरतं.

उलट पारो बघा. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता १९९३पासून ज्यावर काम करत आले, ते हे सील या समुद्री प्राण्याचं यांत्रिक पिल्लू. एक शब्द बोलत नाही. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर काहीतरी आहे हे नीट जाणवतं. कुरवाळलं की मान वळवतं, डोळे मिटतं, बारीक आवाज काढतं. सीलच का? कुत्रं-मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे नकलेतली खोट लगेच कळते. सील कोणी पाळलेला असतो?

‘विज्ञानाने सिद्ध.’ अर्धं खरं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००९ साली पारोला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली आहे. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी या मेसेजवाल्यांनी वाचलेली दिसत नाही. २८ केअर होम, ४१५ माणसं, तीन गट. एकाला चालू पारो, दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला तोच पारो, म्हणजे नुसतं मऊ खेळणं, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने मूड आणि अस्वस्थपणात फरक पडला. बंद खेळण्याशी तुलना केली तेव्हा मात्र तो एकाच बाबतीत सरस ठरला: माणसं त्याच्याकडे जास्त बघत होती, त्याच्याशी जास्त बोलत होती. ही काही छोटी गोष्ट नाही. पण मग आधी जरा वजनदार, मऊ खेळणं आठवडाभर मांडीवर देऊन बघायला काय हरकत आहे? ते बाजूला सारलं गेलं, तर महागडा सीलही बहुधा कपाटावरच जाईल.

‘कुठल्याही टप्प्यावर.’ नाही. सुरुवातीच्या काळात माणसाला सगळं समजत असतं. हातात खेळणं दिलं तर अपमान वाटू शकतो, आणि वाटला तर तो रास्तच आहे. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात नसलेल्या गोष्टी दिसतात. तिथे अंधारात डोळे उघडणारी वस्तू आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि जन्मभर मांजराला घाबरलेल्या बाईला यांत्रिक मांजर देऊ नका, एवढं तरी!

‘घरच्यांना उसंत.’ त्याच चाचणीत पारो दिला गेला तो १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. म्हणजे आठवड्याला पाऊण तास. तेवढ्यात चहा होतो, देखभाल होत नाही. शिवाय तो चार्ज करायचा, पुसायचा, आणि माणूस कंटाळलं की अलगद उचलून घ्यायचा. ही कामं कोण करणार?

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: कंपनी बंद पडली तर? जिबो नावाच्या घरगुती रोबोने २०१९मध्ये आपले सर्व्हर बंद होणार असल्याचं मालकांना स्वतःच सांगितलं होतं. इंटरनेटवाचून अडणारा रोबो घेताना हे डोक्यात असू द्या.

‘खरा प्राणी आहे असंच सांगा.’ आम्ही काहीच सांगितलं नाही. यांत्रिक मांजर शेजारी ठेवलं आणि गप्प बसलो. आईने आधी उलट्या बाजूने केस फिरवले, मग सुलट्या. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, “खरं आहे का गं हे?”

“तुला काय वाटतं?”

“छे, मशीन आहे,” ती म्हणाली, आणि आपल्या शालीचं टोक त्याच्या पाठीवर ओढलं. “पण गार पडलंय बिचारं.”