रविवारी कोयते घरीच ठेवा

परवा भावाने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तू मुलांना हेच सांगतेस ना?" नाही रे बाबा, हे नाही सांगत. मेसेज भाच्याच्या वर्गाच्या ग्रुपवरून आला होता. सोबत शाळेची सूचना: रविवारी मुठेकाठी वृक्षारोपण, पालकांनी कोयता-खुरपं आणावं. असले मेसेज मी एरवी सोडून देते. कोयता वाचला आणि राहवेना.

मेसेज थोडक्यात असा. पिंपळ १०० टक्के, वड ८० टक्के, कडुनिंब ७५ टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, आणि पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. नदीच्या दोन्ही काठांना झाडं लावली की नदी बारमाही होते, पाणीही आपोआप शुद्ध होतं. त्यासाठी काठावरची निरुपयोगी झुडपं आणि गवत साफ करून वड-पिंपळ रांगेत लावा, उरलेल्या जागेत मिळतील त्या बियांचे सीडबॉल, म्हणजे बिया घालून केलेले मातीचे गोळे, फेका. गुलमोहर-निलगिरीसारखी परदेशी झाडं मात्र नकोत, ती पाणी पितात.

टक्केवारीवर वेळ घालवत नाही. १०० टक्के कशाचे, एवढं विचारलं तरी पुरे. झाड किती कार्बन घेतं ते त्याच्या वयावर, पानांच्या पसाऱ्यावर आणि मिळणाऱ्या पाण्यावर ठरतं. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. हे शाळेतच शिकवतात, आणि शाळेच्याच ग्रुपवर याच्या उलट फिरतं, याचा त्रास जास्त होतो.

बारमाही नदीचं पाहू. झाड पाणी बनवत नाही, वापरतं. बॉश आणि ह्युलेट या दोन संशोधकांनी १९८२ साली जगभरातल्या ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला होता. झाडोरा वाढला की ओढ्यात येणारं पाणी घटतं आणि झाडोरा तोडला की वाढतं, हाच कल त्यांना दिसला. झाडोऱ्याचं आच्छादन १० टक्क्यांनी बदललं की पाइन आणि निलगिरीच्या जंगलात वर्षाला सुमारे ४० मिलिमीटर पाण्याचा फरक, पानगळीच्या झाडांत सुमारे २५, झुडपं-गवतात सुमारे १०. म्हणजे जी झुडपं 'निरुपयोगी' म्हणून कापायची, तीच सगळ्यात कमी पाणी पितात! निलगिरीबद्दल मेसेज बरोबर आहे, पण देशी झाडं पाणी पीत नाहीत असं काही त्यातून निघत नाही.

अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. सह्याद्रीतल्या जुन्या, दाट रानाखालची जमीन भुसभुशीत असते. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं आणि झऱ्यांना उन्हाळ्यातही धार राहू शकते. उघड्या, गुरांनी तुडवलेल्या डोंगरावरून तेच पाणी वाहून जातं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात आपल्या देवरायांच्या नोंदी केल्या. अशा कितीतरी देवरायांत झरा किंवा टाकं असतं. पण ती माती कित्येक पिढ्यांच्या पानगळीतून झालेली असते, आणि ती असते वर, उगमाच्या डोंगरावर. खाली काठाला रोपांची एक रांग लावून ते काम होत नाही.

आता कोयत्याचं. सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात शेरणी वाढते. कमरेएवढं, लवचीक झुडूप. मुळं खडकाच्या फटीत घट्ट रुतलेली. पूर आला की पाण्याखाली आडवी होते, ओसरला की पुन्हा उभी. काठाला वाळुंज असतो, त्याची ओली फांदी चिखलात खोवली तरी रुजते. पाण्यालगत लव्हाळा. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हे मराठी माणसाला मी काय सांगायचं? तरी आपण लव्हाळे उपटून तिथं झाडं लावायला निघालो आहोत. ही झुडपं पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरतात, माशांच्या पिल्लांना आडोसा देतात. त्यांच्यामागच्या मातीच्या उभ्या काठात खंड्या बीळ करतो. जूनच्या तोंडावर हे सगळं खरवडलं, तर पहिल्याच पुरात काठ ढासळेल आणि रोपंही त्याच्याबरोबर जातील.

वड-पिंपळाशी माझं वैर नाही. पण पिंपळ भिंतीच्या फटीतही उगवतो आणि घाटाचे चिरे उचकटतो. नदीला हवे आहेत करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, आणि तेही पात्रात नकोत. पूररेषा कशासाठी आखतात? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत रांगेने झाडं उभी केली की पाणी अडतं, ओंडके पुलाला जाऊन अडकतात, आणि पाणी शेजारच्या वस्तीत शिरतं.

सीडबॉलबद्दल एवढंच: 'मिळतील त्या बिया' म्हणजे बहुतेक वेळा सुबाभूळ आणि गुलमोहर. म्हणजे मेसेजच मेसेजला खोडतो.

आणि शुद्ध पाणी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा-मुठेत शहराचं सांडपाणी येतं. काठावरची झाडं शेतातून येणारा गाळ आणि थोडं खत अडवतात, पण नाल्याचं पाणी पाइपातून थेट पात्रात पडतं. ते झाडाच्या मुळापाशी थांबत नाही.

वर्गशिक्षिकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "रोपं आलीत हो, मुलं उत्साहात आहेत, आता काय करू?" रोपं शाळेत ठेवू या. त्यातली काठाजोगी निवडू आणि पाऊस स्थिरावल्यावर पूररेषेबाहेर लावू. आणि रविवारी मुलांना नदीवर नेऊच. मी सकाळी सात वाजता येते. शहराच्या वरच्या बाजूला मुठा खडकांतून वाहते, तिथं जाऊ. शेरणी दाखवते, खंड्याचं बीळ शोधायला लावते, वाळुंजाची एकेक फांदी प्रत्येकाला खोवू देते.