म्हाताऱ्या कुत्र्यांचं कायमचं फोस्टर: यावर जरा नीट बोलूया

रेस्क्यूच्या ग्रुप्सवर एक पोस्ट सारखी फिरत असते. लॅब्रॅडॉर, मादी, वय ९-१०, मालक परदेशी चाललेत, अर्जंट घर हवंय. खाली रडके इमोजी, "किती गोड आहे गं", "माझं घर मोठं असतं तर नक्की घेतलं असतं", शेअरवर शेअर, आणि घर काही मिळत नाही. त्याच ग्रुपवर दीड महिन्याचं पिल्लू टाकलं की संध्याकाळपर्यंत फोन सुरू होतात. कमेंट करणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाहीये, त्यांना खरंच वाईट वाटत असतं. पाऊल अडतं ते भीतीने. खर्च झेपेल का ही भीती, उद्या मीच आजारी पडले किंवा मुलीकडे जाऊन राहायची वेळ आली तर याचं काय ही भीती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे जीव लावायचा आणि वर्ष-दोन वर्षांत त्याला जाताना बघायचं.

यातल्या पहिल्या दोन भीतींवर उपाय आहे. कायमचं फोस्टर. आणि आपल्याकडे तो नीट, कागदावर राबवणारे लोक फारच कमी आहेत, म्हणून आज एवढं लांबलचक लिहितेय.

यात कुत्रा संस्थेच्याच नावावर राहतो. डॉक्टर, औषधं, ऑपरेशन, रक्ततपासण्या, डायपर, किडनीचं स्पेशल खाणं, हे सगळं संस्था बघते. आपण घर द्यायचं, वेळ द्यायचा आणि रोजचं करायचं, शेवटपर्यंत. त्याचा फोटो परत अ‍ॅडॉप्शनच्या यादीत जात नाही, हे त्याचं घर झालं, फक्त बिलाचं आणि अडीअडचणीचं ओझं आपल्या एकट्यावर नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओल्ड फ्रेंड्स नावाची म्हाताऱ्या कुत्र्यांची संस्था २०१२ पासून हे करतेय. त्यांची फोस्टर घरं नॅशव्हिलच्या आसपास साधारण शंभर मैलांच्या आतलीच असतात, कारण उपचार त्यांचेच डॉक्टर करतात आणि कुत्र्याला तिथे नेता आलं पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोची मटव्हिल २००७ पासून आहे, ते तर थोडेच दिवस उरलेत अशा कुत्र्यांनाही घरात ठेवायला देतात. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे, मान्य, पण कल्पना काही पैशाची नाहीये, जबाबदारी वाटून घ्यायची आहे, आणि ती इथेही जमू शकते.

उलट आपल्याकडे याची गरज जास्त आहे असं मला वाटतं. आपला एबीसीचा, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचा नियम (२०२३ चा नवा आणि त्याआधी २००१ चा) सांगतो की रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. धडधाकट कुत्र्यासाठी हे योग्यच आहे, मी स्वतः त्याच्या बाजूने कितीतरी भांडलेय. पण गाडीखाली येऊन मागचे पाय गेलेलं, दोन्ही डोळे गेलेलं, नाहीतर १२ वर्षांचं सांधे धरलेलं कुत्रं परत चौकात कसं सोडणार? मग ते शेल्टरमध्येच राहतं, कायमचं. आणि पाळलेलं कुत्रं म्हातारपणी सोडून देणाऱ्याला कायदा काय करतो, तर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. पिल्लं विकण्याचा धंदा करणाऱ्या ब्रीडरकडच्या माद्यांचंही तेच. ब्रीडिंगच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ वर्षांनंतर मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, पण त्यानंतर ती कुठे जाते हे विचारतं कोण. आमच्या रेस्क्यू ग्रुपकडे आलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या कितीतरी जणींना स्तनात गाठी, गर्भाशयात पू, आणि जिना कसा चढतात ते माहीत नाही, कारण आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं.

शेल्टरवाल्यांना मी दोष देत नाहीये, ते लोक कसे राबतात ते बघितलंय. मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल शंभर वर्षांहून जुनं आहे, पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट २००७ पासून आहे, आणि अशा कुठल्याही ठिकाणी आज रात्री अपघाताची केस येणारच. एक पिंजरा कायमचा अडला की तिच्यासाठी एक जागा कमी. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तरी तिथे काय सुख आहे? गार कडक फरशी, दिवसभर भुंकण्याचा कल्लोळ, ऐकू येत नसेल तर कुणी मागून हात लावला की दचकून चावायला जातं, मग "अ‍ॅग्रेसिव्ह" असा शिक्का बसतो.

घरात काय लागतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आयसीयू उभं करावं लागेल. आमच्याकडे ठकी आहे, कमरेखाली लुळी. तिची लघवी पोटाच्या मागच्या भागावर हलक्या हाताने दाब देऊन काढावी लागते, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पूर्ण रिकामी, नाहीतर साठून इन्फेक्शन होतं. हे डॉक्टर समोर बसवून शिकवतात, थोड्या दिवसांत हाताला बसतं. व्हीलचेअर मापाने बनवून घ्यायची आणि थोडा थोडा वेळच लावायची, दिवसभर नाही. खरी लढाई असते बेडसोअरशी, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमांशी. आणि ते आमच्या घरात सगळ्यात आधी सासूबाईंना कळलं. त्यांनी त्यांच्या सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं वर्षानुवर्षं केलेलं. ठकी आली त्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, दर दोन तासांनी कूस बदलायची हिची, आणि खाली मऊ घाल, हाड टेकतंय तिथे आधी लाल होतं बघ." कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घराघरांत अशा बायका आहेत, पुरुषही आहेत, ज्यांना आजारपण काढणं म्हणजे काय ते चांगलं माहितीये, आणि त्यांना कुणी कधी विचारलेलंच नाहीये की तुम्ही एक कुत्रं सांभाळाल का.

बाकीचं सोपं आहे. गुळगुळीत टाइल्सवर जुन्या योगा मॅट टाका, म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात आणि ते पडतं. आंधळं असेल तर सोफा-टेबल हलवू नका, त्याला घराचा नकाशा पाठ होतो. किडनी अधू झालेल्याला कातडीखाली सलाईन देणं घरच्या घरी शिकता येतं. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या काहींना झटके राहतात, बघायला भयंकर वाटतं पण ती मस्त खातात-पितात, खेळतात. रात्री कोपऱ्यात जाऊन अडकणं, उगाच येरझाऱ्या घालणं हे विसरभोळेपणाचं लक्षण असतं, एक छोटा दिवा चालू ठेवला की बरं पडतं. आणि कृपा करून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नका, दुखतंय म्हणून प्रेमाने दिलेल्या गोळीने कुत्री मेलेली आहेत.

आता जे खटकतं ते. आपल्याकडे फोस्टर म्हणजे बहुतेक वेळा तोंडी कारभार. "दोन आठवडे ठेवा फक्त, घर बघतोय" म्हणून कुत्रं हातात देतात, पहिलं बिल भरतात, आणि मग फोन उचलणं बंद. माझ्या ओळखीच्या एका ताईंकडे असंच हार्टचा त्रास असलेलं कुत्रं राहिलं, त्यांची पेन्शन औषधांत जायला लागली, त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण ते कुत्रं गेल्यावर दुसरं घ्यायला त्या तयार नाहीत. एक उत्तम घर कायमचं गेलं. म्हणून संस्थांना हात जोडून सांगणं आहे, लिहून द्या. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, रात्री दोनला इमर्जन्सी आली तर न विचारता किती खर्च करायची परवानगी, फोस्टर गावाला गेला तर बदली घर कोणतं, फोस्टरच आजारी पडला तर किती दिवसांत कुत्रं परत घेणार. दोन पानांत मावतं हे.

आणि शेवटाचं आधी बोला. कुत्रं खायचं सोडतं, वेदना औषधाला दाद देत नाहीत, तेव्हा शांतपणे कायमचं झोपवायचा निर्णय कुणाचा? माझं मत, डॉक्टर, संस्था आणि घरचे असा तिघांचा, आणि हे कुत्रं बरं असतानाच ठरलेलं हवं. "देवाच्या मनात असेल तेव्हा जाईल" म्हणून दिवसचे दिवस तडफडत ठेवणं मला पटत नाही, आणि लांबच्या लोकांनी फोटो बघून फोस्टरला "मारलंत तुम्ही" म्हणणं तर अजिबातच नाही. तिसऱ्या भीतीवर, जाताना बघण्याच्या भीतीवर, माझ्याकडे उपाय नाहीये. ते दुखतं, दर वेळी दुखतं. पण कुत्रं आपल्या घरातून, ओळखीच्या हातात जातं.

ज्यांना घरात ठेवणं शक्य नाही त्यांनी एक करा. अपघाताचा व्हिडिओ आला की लोक भरभरून देतात, पण सांधेदुखीची रोजची गोळी, डायपर, किडनी कशी चालतेय ते कळायला दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन बघायची रक्ततपासणी, याला कुणी पैसे देत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. एक कुत्रं निवडा, दर महिन्याला जमेल तेवढी पण ठरलेली रक्कम द्या. संस्थेला फोस्टरला लेखी शब्द देता येतो तो याच पैशाच्या जोरावर.

सध्या एक घर हवंय. इंडी (म्हणजे आपलं देशी कुत्रं), मादी, साधारण १० वर्षांची, ग्लॉकोमामुळे (काचबिंदू) दोन्ही डोळे काढलेत, जखमा भरल्यात, नसबंदी-लस झालीये, आत्ता कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये आहे. औषधांचा आणि डॉक्टरचा खर्च आमच्या ग्रुपने लेखी उचललाय, बदली घरही ठरलंय. तळमजला किंवा लिफ्ट हवी, दिवसा कुणीतरी घरी हवं, आणि पुण्यात सिंहगड रोड ते कोथरूडच्या पट्ट्यात असेल तर उत्तम कारण डॉक्टर इकडचे आहेत. मांजरांशी कशी वागते ते अजून बघायचंय. रिटायर्ड जोडपं असेल तर फारच छान, ती दिवसाचा बराच वेळ झोपूनच असते. मनात असेल तर मेसेज करा, लगेच हो म्हणू नका, आधी एखाद्या रविवारी नुसतं येऊन तिच्याजवळ तासभर बसा, आणि येताना घरातल्या सगळ्यांना आणा.