'श्टिमत्सेटल'मधली चिठ्ठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'श्टिमत्सेटल' म्हणजे जर्मन मतपत्रिका. त्यातला 'त्सेटल', म्हणजे चिठ्ठी, लॅटिनमधून आला असं मी लिहिलं, तर तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंत. तुमचं म्हणणं असं, की त्सेटल म्हणजे मागावरचा ताणा, शब्द अस्सल जर्मन, आणि 'कट रचणे' या अर्थाचं 'आनत्सेटल्न' हा त्याचा पुरावा.

ताण्याचं तुमचं बरोबर आहे. 'आनत्सेटल्न' तिथलंच: आधी ताणा लावायचा, मग विणायला घ्यायचं. पण तो त्सेटल वेगळा आणि मतपत्रिकेतला वेगळा. दिसायला जुळे, नातं काहीच नाही. ताण्याचा त्सेटल आला तो 'पसरणे, विखुरणे' अशा अर्थाच्या 'त्सेटन' या जुन्या क्रियापदातून. अस्सल जर्मन शब्दाच्या सुरुवातीला 'त्स' असला की डच-इंग्रजीत तिथे सहसा 'ट' सापडतो: 'त्सेन'ला 'टेन', 'त्स्वाय'ला 'टू'. त्याच न्यायाने 'त्सेटन'चा भाऊबंद इंग्रजीत आहे, 'टेड', म्हणजे कापलेलं गवत वाळायला पसरणे. आता चिठ्ठीचा त्सेटल घ्या. डचमध्ये तो 'सेडेल', सुरुवातीला 'ट' औषधालाही नाही. इटालियनमध्ये 'चेदोला', स्पॅनिशमध्ये 'सेदुला'. सगळ्यांचं मूळ लॅटिन 'स्केदुला', कागदाचं चिटोरं. (आपल्या 'शेड्यूल्ड कास्ट'मधलं 'शेड्यूल'ही याच घराण्यातलं.)

दुसरा आक्षेप: शब्दाचा पहिला भाग 'श्टिमे' म्हणजे आवाज, आणि मताला आवाज म्हणणं ही निव्वळ कविकल्पना. हे मला साफ अमान्य. प्रशिया या जर्मन राज्यात १८४९ पासून १९१८ पर्यंत विधिमंडळाच्या निवडणुकीत मतदार अधिकाऱ्यांसमोर उभा राहून नाव तोंडाने सांगायचा आणि ते सगळ्यांदेखत नोंदवलं जायचं. जमीनदाराचा माणूस तिथेच बसलेला असेल, तर शेतमजूर कुणाचं नाव घेणार हे सांगायला नको. तोच मजूर राइशटागच्या, म्हणजे अखिल जर्मन संसदेच्या, निवडणुकीत मात्र चिठ्ठी टाकायचा. १८६९ च्या कायद्याप्रमाणे कागद पांढरा हवा, सही नको, बाहेरून कसलीही खूण नको. पण चिठ्ठ्या सरकार छापत नसे, पक्षांची माणसंच त्या वाटायची. त्यामुळे हातात कुणाची चिठ्ठी आहे हे गावाला कळायचंच. पाकीट आणि आडोसा आला १९०३ मध्ये; लोकांनी त्याला 'संडास कायदा' म्हणून हिणवलं. सरकारी छापील मतपत्रिकेला तर १९२४ उजाडलं.