नागपुरात संसार थाटायचाय? डिसेंबरात येऊन बघा

शहर बायकापोरांनिशी राहण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायला तीन दिवस भरपूर झाले. आपल्याकडे सून पसंत करायला अर्धा तास आणि बशीभर पोहे पुरायचे. शहर काय त्याहून नाजूक मामला आहे? गेल्या डिसेंबरात पुण्याहून एक कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. त्यांनी हे काम अडीच दिवसांत उरकलं आणि त्यातला एक अख्खा दिवस जंगलात घालवला. त्यांचीच रीत तुम्हाला सांगतो. फार सोपी आहे.

पहिली गोष्ट, महिना. डिसेंबरच. पहाटे तोंडातून वाफ निघते, दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर कणीस खाताना कुणालाही वाटतं की आपण उगाच इतकी वर्षं मुळा-मुठेच्या काठी घालवली. शिवाय डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं तसं सरकार वर्षातून एकदा इकडे येतं, म्हणून त्याच्या वाटेवरचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो, कुंड्यांत फुलं उगवतात. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं झालं. सहा दिवस. म्हणजे खुद्द सरकार इथे पर्यटक म्हणून येतं आणि गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयासारखेच विदर्भाचे प्रश्नही काचेआडून पाहून जातं. सरकारला जे पुरतं ते तुम्हाला का पुरू नये?

आल्या आल्या झिरो माईलला जा. चार घोडे आणि एक खांब आहे. ब्रिटिशांच्या सर्वेक्षणातला तिथला दगड १९०७ सालचा. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणतात, तुम्हीही म्हणा. फोटो काढा. ‘इथून देशात कुठेही जाणं सोपं,’ असं त्या पुणेरी गृहस्थाने बायकोला समजावून सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

मग दीक्षाभूमी. त्यांनी तिथे वीस मिनिटं दिली. इथे मात्र मला टिंगल करवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे झालं, त्यासाठी दरवर्षी दसऱ्याला डोक्यावर गाठोडं घेऊन लाखो माणसं येतात, रस्त्याच्या कडेला झोपतात आणि परत जाताना पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात. त्यांना कुणी पर्यटक म्हणत नाही. ते नागपूर पाहायला आलेलेच नसतात.

आता वाघ. शहरात शिरताना जागोजागी पाटी दिसते की ही भारताची व्याघ्र राजधानी आहे. पाच वर्षांच्या चिरंजिवांनी विमानतळापासून घरापर्यंत खिडकीला नाक लावलं होतं. त्यांना दिसल्या त्या गाई, धरमपेठेत आणि रस्त्याच्या मधोमध. वाघ बघायचा तर चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाला जावं लागतं, नाहीतर पेंचला, नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याला. खरं तर सहकुटुंब राहण्यासाठी नागपूर कसं आहे याचा वाघांनी केव्हाच अभ्यास केलेला दिसतो. २०१९ च्या नोव्हेंबरात एक वाघ चक्क मिहानच्या, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या, परिसरात कॅमेऱ्यात दिसला होता. नोकरीसाठीच आला असावा. काही दिवस हिंडला आणि निघून गेला. आमच्या ले-आऊटमधल्या पोरांचंही थोड्याफार फरकाने असंच झालं.

संत्र्यांचंही तेच. मुलीने विचारलं, ‘झाडं कुठेत?’ झाडं काटोलला आहेत, नरखेडला आहेत, अमरावतीकडे वरुड-मोर्शीला आहेत. शहरात संत्रं उगवतं ते बर्फीत. तिला बर्फीचा डबा घेऊन दिला आणि विषय मिटला. पर्यटकाचं बरं असतं, त्याच्या प्रत्येक प्रश्नाला एक डबा असतो.

खाणं फार महत्त्वाचं. सकाळी आठला तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. कढईभर पोहे, बाजूच्या पातेल्यात काळ्या चण्याची तर्री, वर अर्धा इंच लाल तेल. ठेलेवाल्याने विचारलं, ‘तर्री वरून मारू का येगळी देऊ?’ पुणेरी बाईंनी ‘थोडीशी, कमी तिखट’ असं सांगितलं. त्याने तिच्याकडे दयेने पाहिलं आणि पळी वरच्या वर फिरवून तेवढं तेलच टाकलं. तिखट सगळं तेलातच असतं, हे तिला कोण सांगणार. मुलीच्या नाकाडोळ्यांतून पाणी. तरी ती ‘अजून’ म्हणाली, त्यामुळे मला तिच्याविषयी आशा आहे. सावजी पहिल्या रात्रीच खाऊन घ्या. मूळ हलबा कोष्टी विणकरांच्या घरची ही रांधणी, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांना झेपायची. तुम्हाला झेपली की नाही ते सकाळी कळेल आणि मग दुसऱ्या दिवशी शहरापेक्षा शहरातली पाण्याची व्यवस्था जास्त जवळून अभ्यासता येईल.

मेट्रोत जरूर बसा. बसायला जागा मिळते, हे पर्यटकाला फार आवडतं.

आता घर. घर सकाळी अकराच्या सुमारास, बिल्डरच्या गाडीतून पाहावं. किंमत ऐकून पुण्याचा माणूस आधी गप्प होतो, मग बायकोकडे बघतो, मग आणखी एक बेडरूम वाढवतो. यावेळी काही गोष्टी विचारायच्या नाहीत. प्लॉटचं आरएल, म्हणजे तो नियमित झाल्याचं पत्र, झालंय का, हे विचारू नका, वातावरण बिघडतं. नळ किती वाजता येतो आणि वरच्या टाकीपर्यंत टुल्लू पंप लावल्याशिवाय चढतो का, हे विचारू नका. आणि रस्ता घरापेक्षा उंच आहे का, हे तर मुळीच विचारू नका. आमच्या घराला चार पायऱ्या होत्या. वडिलांनी मुद्दाम उंच जोतं घेतलं होतं. पुढे सिमेंटचा रस्ता आला, छान आला, आरशासारखा. त्याने दोन पायऱ्या गिळल्या. आता पावसाळ्यात रस्ता कोरडा असतो आणि आमचं अंगण ओलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या बैठकीत येऊन बसली. एरवी तिला आम्ही नाला म्हणतो, त्या दिवशी तिने नातं सांगितलं. कितीतरी घरांतला फ्रिज, सोफा, पोरांची दप्तरं वाहून गेली, माणसंही गेली. पण तुम्ही डिसेंबरात येताय. डिसेंबरात अंबाझरीला बदकं असतात.

आता एक असा विषय, ज्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहू नये. उन्हाळा.

मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ ला गेला होता. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ दाखवले. मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. देशभर लोक हसले. आम्ही हसलो नाही. आम्हाला सेन्सरचं दुःख समजलं. चाळीसच्या वर इथे सगळ्यांचंच थोडं बिघडतं.

होळी झाली की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतो. मागच्या वर्षीच्या ताट्यांतून धूळ, एखादी मेलेली पाल आणि हरवलेला शटलकॉक निघतो. नव्या ताट्या बसतात, पंप चालू होतो, पहिल्या दहा मिनिटांत अख्ख्या घराला वाळ्याचा वास येतो आणि त्या दहा मिनिटांपुरतं नागपूरसारखं शहर जगात नसतं. मग पुढचे तीन महिने घरात एकच संवाद चालतो: ‘पाणी भरलं का?’ ‘टाकी पाह्यली का?’ टीव्हीचा आवाज कूलरच्या वर न्यावा लागतो, माणसांचा टीव्हीच्या वर. नागपूरचा माणूस भांडल्यासारखा बोलतो असं तुम्हाला वाटतं ना, त्याचं मूळ कूलरमध्ये आहे. रात्री पोरं कूलरसमोर सतरंजीवर झोपतात. बरोब्बर मधली जागा मोठ्याची, कडेची धाकट्याची, आणि मध्यरात्री पाणी संपून गरम हवा यायला लागली की उठायचं बापाने. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हवा चिपचिपी होते आणि तोच कूलर उलटा छळतो. ऑगस्टात त्याच्या तळाच्या पाण्यात डासांची शाळा भरते.

शाळेवरून आठवलं. राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या जूनच्या अखेरीला, कारण त्याआधी पोरं शाळेत पोचतील पण परत येतील याची खात्री नसते. मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात मूल कुठे खेळणार, असा प्रश्न तुमच्या बायकोने विचारला तर तिला पुन्हा फुटाळ्यावर न्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, ती तुम्हाला दिसणार नाही. काळी आणि पिवळी, बांबू-कागदाच्या भल्या मोठ्या बाया, सोबत पुढाऱ्यांचे, महागाईचे, खड्ड्यांचे बडगे, म्हणजे पुतळे. सगळा इतवारी-महाल ओरडतो, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ शंभराहून जास्त वर्षं ओरडतोय. मारबत बिचारी दरवर्षी जळते, खड्डे शिल्लक राहतात. आणि धंतोलीकडे तर गाडी वळवूच नका. तिथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, बैतूलहून आलेली माणसं फुटपाथवर डबा उघडून बसलेली असतात, मांडीवर एक्स-रेची पिशवी. नागपूरला बाहेरून येणाऱ्यांची खरी गर्दी ही. सहलीच्या कुठल्याच यादीत तिचा फोटो नसतो. राहायला आलात तर मात्र हे दवाखाने दहा मिनिटांवर आहेत, ही या शहराची तुम्ही न विचारलेली सगळ्यात मोठी सोय.

राहिलं मुलं वाढवणं. त्यात नागपूरला तोड नाही, हे मी कुठलाही उपरोध न करता सांगतो. अंगण आहे, शेजारी घरात शिरून पोराला जेवायला घालतात, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दहा घरी जातात आणि खिसे भरून येतात. बारावीपर्यंत सगळं घरापासून सायकलच्या अंतरावर. इंजिनिअरिंगही इथेच होतं. आणि मग पोरगं ट्रॅव्हल्सने पुण्याला जातं. ‘मिहानमध्ये कंपन्या येणारेत’ असं आम्ही एकमेकांना वीसेक वर्षं सांगतोय. काही आल्याही. तोवर पोरांनी हिंजवडीत हप्ते सुरू केले होते. झिरो माईलवरून कुठेही जाणं सोपं असतं, ते असं. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. नऊ घरांत दोन-दोन म्हातारी माणसं, चार-चार खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक बंद कूलर आहे. डिसेंबरात गल्लीत एमएच बारा, एमएच चौदाच्या गाड्या लागतात, पोरांचा गलका होतो, आणि महिनाअखेरीस पुन्हा नळाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता.

तर ते पुणेरी कुटुंब. मुलगी माझ्या बायकोच्या तोंडून ‘सांबार आण’ ऐकून इडली शोधत होती; आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिच्या बापाने तिला कधी सांगितलं नव्हतं. धाकटा ‘तुम्ही काय करून राहिले’ या वाक्यावर सोफ्यावर लोळून हसत होता. नातवंडं आहेत, हसू द्यावं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलगा माझ्याबरोबर ओट्यावर बसला. उरलेल्या दोन पायऱ्यांतल्या खालच्या पायरीवर. तीन दिवसांचे फोटो बघत म्हणाला, ‘बाबा, मस्त शहर आहे हो. हवा काय आहे! आम्ही इकडे शिफ्ट व्हायचा सिरियसली विचार करतोय.’

मी म्हटलं, ‘मग मेमध्ये या सगळे. पंधरा दिवस राहून पाहा.’

‘मेमध्ये कायले, बाबा?’ तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘कायले’ निघालं. ‘पोरांना ऊन झेपणार नाही.’

त्याचा जन्म १९ मेचा. बारशाला घरचा कूलर पुरेना म्हणून शेजारून दुसरा मागून आणला होता, आणि त्याला पंप नव्हता, तेव्हा दर अर्ध्या तासाने ताट्यांवर तांब्याने पाणी मी मारत होतो.