देवाची मूठ

आज आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि दुपारपासून जेवण गोड लागलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

वेदीपुढे दरवर्षीसारखी मांडणी होती. ऊस, भोपळे, कणसं, गावरान अंडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायच्या आधी एक मावशी आल्या. पदराखाली फडक्यात बांधलेली बाजरी, असेल किलो-दीड किलो. दारातल्या मुलानं त्यांना थांबवलं. "मावशी, सुटं धान्य नका आणू आता. कोण सांभाळणार? पाकिटात टाका ना काहीतरी." शेजारी क्यूआर कोडचा बोर्ड लावलेला. मुलगा उद्धट नव्हता, हेही सांगते. पण मावशींनी गाठोडं परत पदराखाली घेतलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढे व्यासपीठावरून पाकिटांची यादी वाचली. नाव, रक्कम, टाळ्या. नाव, रक्कम, टाळ्या.

मला माझी आजी दिसली.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. आजी भाकरीला परातीत पीठ घ्यायची, त्यातलं मूठभर काढून चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि मगच पाणी ओतायची. त्याला आमच्या घरात 'देवाची मूठ' म्हणत. रविवारी तो डबा चर्चला जायचा आणि पाळकसाहेब ते पीठ गावातल्या निराधार माणसांकडे पोचवायचे. १९७२च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. घरची मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना सुकडी हा वाटपाचा कोरडा खाऊ मिळायचा, भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची. आजीची मूठ तेव्हाही चुकली नाही. लहान झाली एवढंच.

आता मला सांगा, पीठमुठीला देवाच्या घरात जागा नाही हे कधी ठरलं? बायबलमधलं लेवीय ५ उघडा. अर्पणाला मेंढरू परवडत नसेल त्यानं दोन पारवे आणावेत. तेही जमत नसेल तर एफा या जुन्या मापाचा दहावा भाग सपीठ आणावं, त्यावर तेल नको की धूप नको. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही रिकाम्या हातानं दारात उभं राहावं लागू नये, एवढी काळजी नियमशास्त्रानं घेतलीय. आणि आपल्या प्रभूचे आईबाप त्याला घेऊन मंदिरात गेले तेव्हा कोणतं अर्पण दिलं? लूक २ वाचा. तेच गरिबाचं, पाखरांच्या जोडीचं. त्या दिवशी मंदिराच्या दारात मरीयेला कुणी अडवलं असतं तर?

हो, कबूल आहे. चर्चचं लाइटबिल बाजरीनं भरता येत नाही, पाळकांच्याही घरी चूल आहे आणि गळकं छप्पर पैशांनीच दुरुस्त होतं. देऊच ना पैसे, कोण नाही म्हणतंय?

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. आजच्या पाहुण्या वक्त्यांनी मलाखी ३:१० हे दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या भांडारात आणायला सांगणारं वचन वाचलं आणि सांगितलं, द्याल त्याच्या दहापट मिळेल. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातला १४वा अध्याय का नाही वाचत कुणी? दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश वेशीच्या आत ठेवायचा; लेवी (देवाच्या सेवेतली माणसं), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा, असं तिथं लिहिलंय. आणि ख्रिस्तानं एकदाच, कायमचं स्वतःला अर्पण केलं, हे आपण इब्री १० मधून लहानपणापासून पाठ करतो ना? सगळं क्रुसावर फिटलंय. मग देवाशी ही देवघेव कसली? आपण देतो ते उपकार आठवून. देवाकडून काही विकत आणायला नव्हे!

मंदिराच्या भांडारात आपलं होतं नव्हतं ते टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, तर मी आयुष्यात पन्नास उपदेश ऐकले असतील. प्रत्येकाचा शेवट "म्हणून तुम्हीही द्या". मार्क १२ मध्ये तिच्या अगदी आधीच्या ओळीत विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू किती चिडलाय, ते कुणीच सांगत नाही. तो भांडारासमोर बसून बघत होता. आज आमच्या दारातही बघत असेल. आम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं डोळे मिटून म्हणतो. त्या माणसानं १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून दिला होता. भजन संपतं आणि लगेच पाकिटांची यादी सुरू होते.

जरा थांबून पाणी पिऊन आले.

आजीची गोष्ट राहिलीच. त्याच दुष्काळात एका शनिवारी संध्याकाळी वरच्या आळीतली एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. काही मागितलं नाही तिनं, उंबऱ्यात नुसती उभी राहिली. आजीनं चुलीमागचा डबा काढला आणि सगळा तिच्या ओच्यात उपडा केला. रविवारी सकाळी डबा घासूनपुसून तो रिकामाच चर्चला घेऊन गेली आणि इतरांच्या डब्यांशेजारी मेजावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा पदर ओढत होते, आजी, लोक बघतायत. पाळकसाहेबांनी डबा उचलला. हाताला हलका लागलाच असणार. ते काही बोलले नाहीत. बाकीच्या डब्यांबरोबर तोही पुढे घेतला आणि सगळ्यांवर मिळून प्रार्थना केली. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांच्या लक्षात आलं नसेल. आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं.

दारातला तो मुलगा आपलाच आहे, त्याला कुणी झोडू नका. त्याला आपण हे शिकवलंच नाही. चर्चच्या पंचांशी मात्र मी बोलणार आहे, आणि यादी वाचणं बंद करा हे स्पष्ट सांगणार आहे.

भक्ती सुटल्यावर मी मावशींच्या मागे गेले. म्हणाल्या, "राहू दे गं बाई, कोंबड्यांना घालते." मी नाही म्हटलं. ते गाठोडं आत्ता माझ्या ओट्यावर आहे, फडक्याची गाठ त्यांनी बांधली तशीच. पुढच्या रविवारी आठ वाजता त्यांना घरून घेणार आहे. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसू, आणि दानार्पणाच्या वेळी त्या स्वतःच्या हातानं ते मेजावर ठेवतील.