‘हृदयाला ठोके मोजूनच मिळालेत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लातूर, बीड, धाराशिवकडच्या घरगुती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर कुणा ‘मोठ्या हार्ट स्पेशालिस्ट’चा हवाला, खाली हात जोडलेले इमोजी. मधला मजकूर थोडक्यात असा: हृदयाला ठोके मोजून मिळालेले असतात, म्हणून साठीनंतर व्यायामात ते उडवू नका. २२० वजा वय या आकड्याच्या वर ठोके गेले की अटॅक येतो. जाड माणसाची फुप्फुसं चरबीत दबलेली असतात, त्यानं आधी वजन उतरवावं, मग चालावं. सडपातळ माणसानं निर्धास्त राहावं. श्वास तीस सेकंद रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत. आणि चाळिशीनंतर हृदयाचं पंपिंग दर वर्षी एक टक्क्यानं घटतं, त्यामुळे उतारवयात दम लागणं नैसर्गिक आहे, तपासण्यांवर पैसे घालू नका.

मी लातूरला एका दवाखान्यात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी आणि पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी घेतो. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. पेशंटसोबत आलेली मंडळी हा मेसेज मोबाइलवर काढून दाखवतात आणि विचारतात, मग हे सगळं करायचं कशाला? मेसेजमध्ये जागोजागी खऱ्याचा तुकडा आहे, म्हणून तो पटतो. पण प्रत्येक तुकड्यावरून काढलेला सल्ला एकच: बसून राहा. त्याच सल्ल्यानं माणूस लवकर थकतो.

आधी मोजलेले ठोके. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशेदा धडधडतं आणि तो दोन-तीन वर्षं जगतो. हत्तीचं तीसेकदा, तो साठ वर्षं काढतो. दोघांच्या जन्मभराच्या ठोक्यांची बेरीज शंभर कोटींच्या आगेमागे येते, ही गंमत खरी आहे. ती माणसाला लावली तर आपण सत्ताविशीतच आटोपलो असतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी सत्तर वर्षांत अडीचशे कोटींच्या वर जातात. आणि हिशोबच करायचा तर पुरता करू. बसून असणाऱ्या माणसाचे ठोके मिनिटाला ७६ धरले, तर दिवसाचे झाले १,०९,४४०. तोच माणूस रोज तासभर झपाझप चालायला लागला आणि काही महिन्यांत त्याचे विश्रांतीतले ठोके ७० वर आले, तर २३ तासांचे ९६,६०० आणि चालण्याच्या तासाचे, मिनिटाला ११५ धरून, ६,९००. एकूण १,०३,५००. म्हणजे ठोके वाचवायचे असतील तरी चालावंच लागेल.

२२० वजा वय हे सूत्र आमच्याकडे रोज वापरात असतं, पण वेगळ्या कामासाठी. त्या वयाच्या माणसाचे ठोके जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, याचा तो सरासरी अंदाज आहे. वय वाढतं तसा हा वरचा आकडा उतरतो. व्यायाम करणाऱ्याचाही उतरतो, त्याला इलाज नाही. मात्र अंदाज ढोबळ आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं सूत्र आहे २०८ वजा वयाच्या ०.७ पट. सत्तरीच्या माणसाला जुनं सूत्र १५० देतं, हे १५९. ‘याच्या पुढे अटॅक’ अशी रेघ यातलं कुठलंच सूत्र मारत नाही. उलट बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर ठोके तिथवर पोचतच नाहीत, आणि माणूस आकडा गाठायच्या नादात स्वतःला दामटत बसतो. त्यापेक्षा वारकऱ्याला कळेल अशी खूण धरावी: चालता चालता शेजारच्याशी बोलता यावं, पण अभंगाची ओळ ओढून म्हणता येऊ नये. दिंडीत म्हणता येते, कारण दिंडीची चाल संथ असते. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटलं, चक्कर आली, तर मात्र ठोके कितीही असोत, थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आता वजन. फुप्फुसं चरबीत दबतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वास ओढणारा स्नायूचा पडदा असतो, पोटाची चरबी तो खालून वर ढकलते, छातीवरच्या चरबीनं बरगड्या उचलायला जड जातात. साधा श्वास सोडून झाल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी, ती कमी राहते, आणि खालच्या भागातल्या बारीक नळ्या मिटायला लागतात. आडवं झाल्यावर पडदा आणखी वर सरकतो. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला वाकून बुटाची लेस बांधताना दम लागतो, उताणं झोपवत नाही. पण छाती पूर्ण भरून घेतल्यावर मावणारी हवा फार जाड नसलेल्या माणसात फारशी कमी होत नसते, आणि वजन उतरलं की शिल्लक हवेचा आकडाही सुधारतो. फुप्फुस खराब झालेलं नसतं, त्याला जागा कमी पडलेली असते.

हृदयाचं काम मात्र दिवसरात्र वाढलेलं असतं. शरीर मोठं, म्हणून रक्त जास्त, म्हणून दर मिनिटाला फिरवायचं रक्तही जास्त. वीस किलो जादा वजन म्हणजे ज्वारीचा जवळपास अर्धा कट्टा पाठीवर घेऊन जिना चढणं. त्यात झोपेत घोरता घोरता श्वास अडकण्याचा आजार जडला तर रात्रीही आराम नाही, बीपी हटत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीतून २००२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, एका अंकानं वाढला की हृदय कमकुवत पडण्याचा धोका पुरुषांत सुमारे ५ टक्क्यांनी आणि बायकांत ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे वजनाला घाबरवण्यापुरता मेसेज बरोबर आहे. पण ‘आधी वजन, मग चालणं’ हा क्रम कुठून आणला? चालण्यानं वजन काट्यावर हळूच उतरतं, कधी उतरतही नाही. तरी दम सुधारतो, कारण पायाचे स्नायू रक्तातून प्राणवायू जास्त उचलायला शिकतात. गुडघे कुरकुरत असतील तर एका जागची सायकल, किंवा दहा-दहा मिनिटांचे तुकडे. आपल्याकडे मे महिन्यात नऊनंतर बाहेर पडायचं नाही एवढं पथ्य. बाकी थांबायचं कशासाठी?

सडपातळ माणसाच्या बाबतीत तर मेसेज उघड चुकतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं गल्लोगल्ली दिसतात. काटा त्यांना ‘नॉर्मल’ म्हणतो. म्हणून भारतीयांसाठी कमरेचा घेर बघतात: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०, त्यापुढे सावध. शिवाय बीडकडचा ऊसतोड मजूर अंगानं चिपाड असला तरी बिडी, तंबाखू, मोजून न घेतलेलं बीपी यातलं काहीही त्याच्या मागे असू शकतं. उतारवयात तर काटा आणखी फसवतो. मांडीचे-दंडाचे स्नायू झिजतात आणि वजन उतरल्याचा आनंद होतो. प्रयत्न न करता सहा महिने-वर्षात वजन पाच टक्के उतरलं, तर त्याची चौकशीच करायला हवी.

श्वास रोखायची परीक्षा कोरोनात फार चालली होती. श्वास किती रोखता येतो हे सवयीवर, हट्टावर आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड किती सहन होतो यावर ठरतं. दम्याचा माणूसही बरा असताना तीस सेकंद काढतो. विषय संपला.

उरलं ते सगळ्यात घातक वाक्य: वय झालं, दम लागणारच. पंपिंगपासून सुरू करू. टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘६० टक्के’ वाचून माणसं घाबरतात, चाळीस टक्के गेलं म्हणतात. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं निम्म्याहून थोडं जास्त रक्त बाहेर टाकतं, त्यामुळे साठ हा चांगला आकडा आहे. आणि निरोगी माणसाचा हा आकडा विश्रांतीत वयाबरोबर घटत नाही. दर वर्षी एक टक्का घटते ती वेगळीच गोष्ट: जिवाच्या आकांतानं पळताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच हळू होते.

बसून राहण्याचा वाटा किती मोठा, हे अमेरिकेत डॅलसला १९६६ मध्ये दिसलं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवलं. त्यांची ही क्षमता मिनिटाला ३.३ लिटरवरून २.४ वर आली. १९९६ मध्ये पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. सरासरी वजन ७७ वरून १०० किलो, अंगातली चरबी दुप्पट, आणि क्षमता २.९ लिटर. तीस वर्षांनी केलं नाही तेवढं नुकसान तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं. सहा महिने चालणं, पळणं, सायकल यांचा सराव झाल्यावर आकडा पुन्हा ३.३ वर गेला. कमाल ठोके काही परत आले नाहीत, भरपाई स्नायूंनी केली. पाचच माणसं, तीही सगळी पुरुष, त्यामुळे फार ताणू नये. पण ‘आराम करा’ म्हणणाऱ्यानं हे एकदा वाचावं.

वय हृदयाचं करतं ते वेगळं. रक्तवाहिन्या ताठ होतात, वरचं बीपी चढतं, हृदयाची भिंत जाड होते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडून भरायला वेळ घेतं. वरून वजन आणि बीपी असेल तर पंपिंग साठ टक्के असूनही हृदय कमी पडू शकतं. वयस्क, जाड, बीपी असलेल्या बायकांत हे विशेष दिसतं. त्यामुळे ‘इको नॉर्मल’ ऐकून दम लागण्याची तक्रार सोडून द्यायची नसते.

फुप्फुसांचं म्हणाल तर पहिल्या सेकंदात फुंकता येणारी हवा पंचविशीनंतर दर वर्षी २५ ते ३० मिलिलिटरनं कमी होते. निरोगी फुप्फुसात शिल्लक इतकी असते, की एवढ्यानं सपाट रस्त्यावर दम लागत नाही. औसा तालुक्यातल्या एका आजींना मुलगा घेऊन आला होता. ‘साहेब, सत्तरी झाली आईची, दम लागणारच की. डॉक्टरनं लिहिलं म्हणून आणलं.’ आजी पदर तोंडावरून काढायला तयार नव्हत्या. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि मी ओरडतोय, ‘फुंका आजी, फुंका, अजून, अजून!’ सहा सेकंद झाले तरी आलेख सपाट होईना, हवा हळूहळू झिरपत बाहेर येत होती. तोंडानं ओढायच्या पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकवलं, तरी तेच. रिपोर्टवर पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ४८ टक्के. मुलाला एवढंच दाखवलं, की ही अपेक्षा सत्तर वर्षांच्या, याच उंचीच्या बाईची आहे. वय त्यात आधीच धरलेलं असतं. आजींनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. पण पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे जन्म गेला होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर असल्या जळणाच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. आजींना आता रोज ओढायचा पंप चालू आहे.

तेव्हा दम कसा लागतो ते बघा. गेल्या दिवाळीला चढत होता तो जिना आता दोनदा थांबून चढावा लागतो, उशा वाढवल्याशिवाय झोप लागत नाही, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, नाडी वेडीवाकडी पळते: यातलं काहीही वयाच्या खात्यावर टाकू नका. हिमोग्लोबिन, ईसीजी, बीपी एवढं तालुक्याला होतं. पुढचं इको आणि फुंकायची तपासणी जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात विचारावी. हृदय कमकुवत असल्याचं आधीच निदान झालेलं असेल, तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.