‘युरोपात बंदी’ एवढ्याने भागत नाही

‘तुमच्याकडे बंदी आहे म्हणे, मग आमच्या क्रीममध्ये कसं चालतं?’ भारतातल्या मैत्रिणी मला जर्मनीत हा प्रश्न विचारतात. सोबत डबीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि ‘ॲक्रिलेट्स कोपॉलिमर’भोवती लाल वर्तुळ. रंगात, गोंदात वापरतात ते तोंडाला लावायचं? भीती समजण्यासारखी आहे. पण हाच घटक इथल्या क्रीममध्येही सर्रास असतो आणि त्यावर बंदी नाही.

क्रीममधल्या कोपॉलिमरमध्ये रेणूंची लांबलचक साखळी आधीच जुळलेली असते. ती इतकी मोठी असते की धडधाकट त्वचेतून आत शिरत नाही. उपद्रवी असतात ते न जुळलेले सुटे रेणू, म्हणजे मोनोमर. ते त्वचेत शिरून प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांच्यावर उलटतं, म्हणजे ॲलर्जी होते. म्हणून उत्पादकाला विचारायचंच तर हे विचारावं, की तयार मालात सुटा मोनोमर किती उरलाय? जवळच्या नात्यातल्या पॉलिॲक्रिलामाइडबाबत युरोपीय कायदा आकडाच देतो: अंगाला लावून न धुण्याच्या उत्पादनांत उरलेलं ॲक्रिलामाइड, म्हणजे त्याचा सुटा मोनोमर, किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको.

मला काळजी वाटते ती नखांची. जेल नेलपॉलिशच्या बाटलीत ‘हेमा’ (HEMA, हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट) सारखे मोनोमर सुटेच असतात, ते अतिनील (यूव्ही) दिव्याखाली जुळतात. दिवा त्या जेलसाठीचा नसला किंवा थर जाड झाला, तर काम अर्धवट राहतं. मग बोटांना खाज, भेगा, कधी पापण्यांवरही पुरळ. ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे दाताचं फिलिंग, सांधेबदलातलं बोन सिमेंट, मधुमेहींच्या ग्लुकोज सेन्सरचा गोंद, यांचाही त्रास होऊ शकतो. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट क्रीमपेक्षा कितीतरी जास्त बोलली जायला हवी.

युरोपने काय केलं? २०२१ पासून नखांच्या उत्पादनांतलं हेमा फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवलं आणि वेष्टनावर ॲलर्जीचा इशारा बंधनकारक केला. बंदी आली ती १ सप्टेंबर २०२५ला, टीपीओवर. जेल दिव्याखाली घट्ट व्हावं म्हणून घालायचा तो वेगळाच पदार्थ. प्रजननक्षमतेला धोका, हे त्यामागचं कारण. ‘युरोपात बंदी’वाल्या मेसेजमध्ये ही दोन्ही प्रकरणं एकत्र कालवलेली दिसतात.

इथलं सगळं आदर्श आहे असंही मी म्हणणार नाही. ‘फक्त व्यावसायिकांसाठी’ या नियमाने घरी प्रयोग करणारी वाचते, पण दिवसभर तेच जेल हाताळणाऱ्या मुलीचं काय? पातळ नायट्राइल हातमोज्यांतून हे मोनोमर काही मिनिटांत आरपार जातात. हातमोजे वरचेवर बदलायला हवेत आणि जेल कातडीला लागूच द्यायला नको. हे शिकवणं कायद्याच्या एका ओळीत होत नाही.

भारतात कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० आहेत, भारतीय मानक ब्यूरोच्या घटकांच्या याद्या आहेत. मागणी करायची तर नेमकी करूया: घरगुती जेल किटवर मराठीत ठळक इशारा, आणि पार्लरच्या प्रत्येक प्रशिक्षणात हातमोजे, दिवा आणि ॲलर्जीचा धडा. आणि बोटं आत्ताच खाजत असतील तर जेल थांबवा, त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासणं) करताना हेमाची चाचणी मागा, आणि निष्कर्ष दाताच्या डॉक्टरांनाही सांगा.